शराबखान्यातील बर्फ

अरब जगाविषयीच्या आपल्या सर्वसाधारण कल्पनेत उंट, खजूर आणि कॉफी यांना मानाचे स्थान असते. परंतु वर्षातील निम्मे महिने उन्हाच्या तडाख्यात काढणारी ही माणसे तहान कशाने भागवीत आली, हा साधा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही, आणि आलाच तर त्याचे उत्तर शब्दांच्या साम्यावरून बांधलेल्या तर्कांनी इतके गढूळ झालेले असते की, त्यातून वस्तुस्थिती गाळून घेण्याचे काम करावेच लागते. ते करू लागले म्हणजे एक गोष्ट पदोपदी प्रत्ययास येते. या मुलखातील कितीतरी जुन्या पेयांचे गोत्र हकिमाच्या दुकानात सापडते, आणि ते विस्मरणात गेल्यामुळेच त्यांच्याविषयीचे पुष्कळसे गैरसमज पैदा झाले आहेत.

पहिला मान अर्थातच ‘शराब’ या शब्दाचा. मराठी, हिंदी वा उर्दू बोलणाऱ्याच्या कानी हा शब्द पडताच मद्याखेरीज दुसरे काही त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही, आणि मग ज्या धर्माने मद्य निषिद्ध मानले त्याच्याच ग्रंथांत व दरबारांत शराब ठायीठायी कशी, असे कोडे त्याला पडते. अरबीत ‘शराब’ म्हणजे जे प्यावयाचे ते, मग ते पाणी असो, फळांचा रस असो वा काढा असो. कुराणातील ‘नहल’ या सूरेत मधमाश्यांच्या पोटातून निघणाऱ्या मधालाही हाच शब्द योजिला आहे. निषेध आहे तो ‘खम्र’ या स्वतंत्र नावाने सांगितलेल्या मादक पेयाचा. शब्दाला मद्याचा वास लागला तो फारसीत, आणि तेथूनच तो आपल्याकडे आला. अरब देशांतील औषधांच्या दुकानांत खोकल्याच्या बाटलीवर आजही ‘शराब’ असे छापलेले आढळते व त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ‘नबीझ’ या शब्दाचा प्रवास मात्र अगदी विरुद्ध घडला. पैगंबरांच्या काळी खजूर किंवा मनुका पाण्यात भिजत घालून, ते आंबण्यापूर्वी प्यावयाचे गोड पाणी, एवढाच त्याचा अर्थ होता. किती भिजले व किती फसफसले म्हणजे ते निषिद्ध ठरते यावर धर्मशास्त्र्यांनी दीर्घकाळ खल केला. आणि आजच्या अरबीत पाहावे तर तोच शब्द द्राक्षांच्या मद्याला रूढ होऊन बसला आहे.

कैरोच्या जुन्या सिनेगॉगात सापडलेल्या, मुख्यतः अकराव्या ते तेराव्या शतकांतील ‘गनीझा’ कागदपत्रांत ‘शराबी’ नावाचे व्यावसायिक भेटतात. हे कोणी मद्यपी नव्हेत आणि कलालही नव्हेत. फळांचे, फुलांचे व मुळांचे अर्क पाकात शिजवून रोग्यांना देणारे ते औषधविक्रेते होत. त्याच शहरात १२६० च्या सुमारास कोहीन अल्-अत्तार या यहुदी औषधविक्रेत्याने आपल्या धंद्याचे सारे ज्ञान ‘मिन्हाज अद्-दुक्कान’ या ग्रंथात लिहून ठेविले, आणि दुकानदाराची नीती कशी असावी येथपासून नाना प्रकारची शराबे कशी सिद्ध करावी येथपर्यंत सर्व त्यात आले. या धंद्याचा आधार होती साखर. ‘सुक्कर’ हे तिचे अरबी नाव इराणमार्गे आपल्या ‘शर्करे’पासूनच तेथे पोचले आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच कैरोतून पुढे राज्य करणाऱ्या ममलूक सुलतानांच्या ‘शराबखान्या’चे गूढ उरत नाही. सुलतानांच्या दप्तरात लेखक म्हणून चाकरी केलेला कलकशंदी (मृत्यू १४१८) याने राजलेखकांसाठी रचलेल्या ‘सुब्ह अल्-आशा’ या अवाढव्य ग्रंथात राजवाड्यातील निरनिराळ्या खात्यांची हकीकत दिली आहे, आणि तीतला शराबखाना म्हणजे सरबते, मिठाया, फळे व औषधे यांचे कोठार होय. आपल्याकडील वाचकाला यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. कारण मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांच्या यादीत ‘शरबतखाना’ येतो, आणि त्याचा अर्थ औषधांचा कोठा असाच दिला जातो.

या शराबखान्यात आणखी एक जिन्नस येत असे, आणि त्याच्याविषयीचा गैरसमज तर फारच दृढ आहे. बर्फ घातलेले पेय ही अरबांना यंत्रयुगाने दिलेली देणगी, असे आपण सहज गृहीत धरतो. वस्तुतः अब्बासी खलिफा अल्-महदी हिजरी १६० साली, म्हणजे इ. स. ७७७ मध्ये, हजला गेला तेव्हा त्याच्यासाठी मक्केपर्यंत बर्फ वाहून नेण्यात आला, आणि असा मान मिळालेला तो पहिलाच खलिफा होता, अशी नोंद इतिहासकार तबरी याने केली आहे. ममलूकांच्या अमदानीत तर या कामाला रीतसर सरकारी बंदोबस्ताचे रूप आले. शाम देशच्या, म्हणजे सीरियाकडील, डोंगरांतील बर्फ जहाजांत भरून नाईलच्या मुखाशी दमिएत्ता बंदरात आणावा, तेथून नदीमार्गे कैरोस चढवावा, आणि खुष्कीच्या वाटेने दमास्कसहून सांडणीस्वारांनी टप्प्याटप्प्यावर सांडण्या बदलीत तो कैरोच्या किल्ल्यात पोचता करावा, असा शिरस्ता होता. कलकशंदीने या जहाजांची व सांडण्यांची स्वतंत्र दखल घेतली आहे. वितळण्याच्या शर्यतीत धावणारे असे टपालखाते त्या काळी दुसरीकडे क्वचितच असेल!

सामान्य रयतेच्या नशिबी अर्थात सुलतानाचा बर्फ नव्हता. तिची भिस्त मातीवर होती. इजिप्तच्या दक्षिण भागातील किना गावच्या सच्छिद्र मातीची ‘कुल्ला’ नावाची सुरई देशभर प्रसिद्ध होती, आणि तिच्या अंगातून पाझरणारे पाणी कोरड्या हवेत भराभर उडून जाताना आतील उष्णता सोबत नेत असे. समुद्रकाठच्या दमट जिद्द्यात हाच उपाय तितकासा लागू पडत नाही, कारण ओलसर हवेत पाणी उडण्याचा वेगच मंदावतो.

आता एकेका पेयाकडे वळू. शाम व लेबनॉन येथे ‘जल्लाब’ नावाचे गडद रंगाचे पेय बर्फाच्या चुऱ्यावर ओतून, वर भिजवलेले चिलगोजे व बेदाणे पेरून देतात. त्याच्या नावात फारसी ‘गुल-आब’, म्हणजे गुलाबजल, दडलेले असल्यामुळे ते गुलाबाचे सरबत असावे असा समज होतो; परंतु त्याचा मुख्य आधार द्राक्षांचा किंवा खजुराचा घट्ट रस असतो, आणि गुलाबजल केवळ सुगंधापुरते पडते. हाच ‘गुल-आब’ अरबी वैद्यकात ‘जुलाब’ होऊन औषधी पाकाचे नाव झाला, युरोपात गेला, आणि हकिमांच्या मागोमाग हिंदुस्थानात येऊन, त्या गोड पाकातून दिल्या जाणाऱ्या रेचकाला असा काही चिकटला की, मराठीत त्याचा मूळचा सुगंध पार नाहीसा झाला. बैरूतमधील पेयगृहात ‘जल्लाब’ हे नाव ऐकून दचकणाऱ्या मराठी प्रवाशाने निर्धास्त असावे.

‘तमर हिंदी’विषयी फार सांगावयास नको. हिंदी खजूर असा त्याचा शब्दार्थ असला तरी ती चिंच होय, आणि ‘हिंदी’ म्हटले तरी त्या वृक्षाची मायभूमी आफ्रिका आहे; हिंदुस्थानच्या व्यापारातून तो गर अरबांच्या हाती पडला म्हणून नाव तसे पडले, आणि १७५३ मध्ये लिनियसनेही शास्त्रीय नावात ‘इंडिका’ घालून त्या चुकीवर शिक्कामोर्तब केले.

इजिप्त व सुदान येथील रक्तवर्ण ‘करकदे’ मात्र अधिक खुलाशास पात्र आहे. ते जास्वंदीच्या पाकळ्यांचे पेय, अशी समजूत आपल्याकडे इतकी पसरली आहे की, दारातल्या देवपूजेच्या जास्वंदीची फुले उकळून पाहणारेही आढळतात. करकदे त्याच कुळातील एका वेगळ्या वनस्पतीपासून होते, आणि तिला आपण लाल अंबाडी म्हणून ओळखतो. तिचे फूल फिकट पिवळसर असते व दिवसभरात मिटून गळून जाते. नंतर फळाभोवती जो निदलपुंज मांसल व लाल होऊन राहतो तोच तोडून वाळवितात, आणि रंग व आंबटपणा ही दोन्ही त्याचीच देणगी. तेव्हा अंबाडीच्या बोंडांचे सरबत करणाऱ्या विदर्भातील गृहिणीच्या घरी करकदे फार पूर्वीच पोचलेले आहे, फक्त त्याला कोणी त्या नावाने हाक मारीत नाही.

‘इर्क सूस’ हे नाव ऐकून बहुतेकांना काहीच बोध होत नाही. परंतु ते आपले ज्येष्ठमध. मुळांचा भुगा पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, फेसाळ काळपट पेय करतात, आणि ते विकणारा इर्कसूसी दोन पितळी वाट्या एकमेकींवर वाजवीत कैरोच्या गल्ल्यांतून फिरे. एडवर्ड लेन या इंग्रज पंडिताने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इजिप्तवरील ग्रंथात या विक्रेत्याचे वर्णन आहे, आणि ती जात आजही रमझानात दृष्टीस पडते. या पेयात साखर नसते, गोडी सर्वस्वी मुळाची असते, म्हणून ते कितीही प्यावे, ते निरुपद्रवीच, अशी श्रद्धा तेथेही आहे आणि येथेही आहे. ती घातक आहे. ज्या द्रव्याने ज्येष्ठमधाला साखरेच्या कितीतरी पट गोडी येते, त्याच द्रव्याने मूत्रपिंडातील एका विकराचे कार्य अडते, शरीरात क्षार व पाणी साचते, पोटॅशियम निघून जाते आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या विकाराने पछाडलेल्या माणसाने ते रोज पिऊ नये, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. जे द्रव्य औषध म्हणून मोजून दिले जात होते ते पेय म्हणून घागरीने पिऊ लागल्यावर दुसरे काय व्हावयाचे?

सुदानचे ‘हिलू-मुर’, म्हणजे गोड-कडू, याच्याविषयीचा संशय वेगळा. ज्वारीला मोड आणून, वाळवून, दळून, त्या पिठाची कांजी आंबवितात, म्हणून ते मद्यच असले पाहिजे, असे ऐकणाऱ्यास वाटते. पण आंबलेल्या कांजीत आले, दालचिनी, वेलदोडा, करकदे, चिंच इत्यादी मिसळून ती तापल्या तव्यावर पातळ पसरतात व तिचे तांबूस-तपकिरी पापुद्रे भाजून काढतात. त्या आचेपुढे मद्याचा अंश टिकत नाही. रमझानात हे पापुद्रे पाण्यात भिजवून, गाळून, साखर घालून प्यावयाचे. सुदानी कुटुंबांत हे काम रमझानापूर्वी शेजारणी मिळून करतात, आणि त्याच्या वासाने आळीला सणाची वर्दी मिळते. मोडाच्या ज्वारीचे इतके बुद्धिमान पेय, ज्वारीवर पोसलेल्या आपल्या देशावर निपजू नये, याचे मला नेहमी नवल वाटते.

नावे सारखी आणि पदार्थ निराळे, असाही एक वर्ग आहे. ‘सोबिया’ मक्का-मदिनेत जवाच्या किंवा वाळलेल्या पावाच्या आंबवणीचे पेय असते, तर कैरोत तेच नाव तांदूळ, दूध व नारळाच्या दाट पेयाला आहे, आणि दोन्हीकडचे लोक दुसऱ्याच्या सोबियाला खोटे ठरविण्यास तत्पर असतात. याउलट मिरवते परंपरा म्हणून पण मूळ परके, असाही प्रकार आढळतो: आखाती देशांतील इफ्तारच्या पंगतीत जे जांभळे सरबत परंपरेचे भूषण म्हणून मिरवते, ते ‘व्हिम्टो’ १९०८ मध्ये मँचेस्टर शहरी जॉन निकल्स याने ‘व्हिम टॉनिक’ या नावाने, म्हणजे शक्तिवर्धक औषध म्हणूनच, बाजारात आणले होते.

राहता राहिले ताक. कैरोत ‘लबन’ मागितल्यास दूध येते, दमास्कस वा बैरूत येथे दही, आणि रियाधमध्ये थंडगार ताक. शामच्या मुलखात दुधाला ‘हलीब’ म्हणतात, तर इजिप्तमध्ये दह्याला ‘झबादी’. ज्या मराठी माणसाला जेवणाअंती ताकाचीच तलफ येते, त्याने बैरूतमध्ये ‘आयरान’ म्हणावे, बगदादमध्ये ‘शनीना’.