९५ टक्के, पण कितींपैकी?

प्लास्टिक सर्जरी म्हणजे तरुणांची हौस, हा समज आपल्या वयाला परवडणारा नाही. कर्करोगानंतरची स्तनाची पुनर्रचना, मधुमेही पायावरचे त्वचारोपण, बेडसोरची खोल जखम, डोळ्यांवर उतरलेली पापणी, ही सारी कामे याच शाखेची आहेत. असा निर्णय घेताना आपल्या हाती बहुधा एक माहितीपत्रक येते. त्यात ‘आधी’ व ‘नंतर’ची छायाचित्रे असतात आणि खाली ‘९५ टक्के रुग्ण समाधानी’.

समजा, १०० जणांवर शस्त्रक्रिया झाली. वर्षाने २० जण तपासणीस आले आणि त्यांतले १९ खूश होते. आकडा ९५ टक्केच निघतो! उरलेले ८० बरे झाले म्हणून आले नाहीत, की त्रासून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले? म्हणून एकूण किती जण, किती काळानंतर आणि किती जणांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, हे निःसंकोच विचारा. छायाचित्रेही एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून घेतलेली हवीत. उजेड बदलला तरी सुरकुत्या पुसट होतात.

नोंदींची उणीव किती महाग पडते, हे फ्रान्सच्या पीआयपी कंपनीच्या प्रकरणात दिसले. तिच्या स्तनांच्या इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक सिलिकॉन भरल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. तोवर ती अनेक देशांतील लाखो स्त्रियांच्या शरीरात बसवली गेली होती. ब्रिटनमधील इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही तर २००६ मध्येच बंद पडली होती, कारण नाव नोंदवण्यास पुरेशा स्त्रिया संमती देत नव्हत्या. संकोच समजण्याजोगा आहे. परंतु धोका कळवायचा कोणाला, हेच त्यामुळे अवघड झाले. इंग्लंडमध्ये नवी नोंदवही २०१६ मध्ये सुरू झाली. नेदरलँड्सने २०१५ पासून उलट रीत स्वीकारली: रुग्णाने नकार दिला नाही, तर नोंद होतेच. मला हीच रीत अधिक शहाणपणाची वाटते.

मोजायचे काय, हाही प्रश्न आहेच. टाके नीट भरले, हे शल्यचिकित्सक सांगतील. हात वर करताना ओढ बसते का, आरशासमोर उभे राहवते का, हे रुग्णच सांगू शकतो. स्तनशस्त्रक्रियेसाठी २००९ मध्ये आलेली ‘ब्रेस्ट-क्यू’ ही प्रश्नावली रुग्णांनाच विचारते, तीही शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर.

घरी कोणास इम्प्लांट बसवायचे असेल, तर वेष्टनावरील कंपनीचे नाव, प्रकार व क्रमांक असलेला स्टिकर मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाला जोडा. त्याचे छायाचित्र मुलांच्या मोबाइलमध्येही असू द्या.