यंत्राने गृहीत धरलेला हात

बोईसर-तारापूर एमआयडीसीत काम केलेल्यांना पॉवर प्रेस सांगायला नको. सुरक्षित प्रेसला एकमेकांपासून दूर अशी दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, त्यामुळे हात साच्याबाहेर राहतात. योजना उत्तम आहे, पण चालवणाऱ्याला दोन हात आहेत हे तिने धरूनच चाललंय.

व्हिडिओ गेमचा कंट्रोलरही तसाच. दोन्ही तळव्यांत धरायचा, अंगठ्यांनी जॉयस्टिक फिरवायची, तर्जनींनी मागची बटणं दाबायची. प्रेसमध्ये हे गृहीतक बोटं वाचवतं. खेळात त्यापायी सेरेब्रल पाल्सी असलेली मुलगी किंवा बोटं गमावलेला तरुण नुसता बघत बसतो.

यावर उपाय म्हणजे आज्ञा आणि हालचाल यांची फारकत करणं. ‘उडी मार’ ही आज्ञा. ती अंगठ्यानेच द्यावी असं कुठे आहे? मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरवर दोन मोठी बटणं आहेत आणि मागे ३.५ मिलिमीटरचे १९ जॅक. एकेक जॅक एकेका आज्ञेचा. त्याला पायाचं पेडल, हनुवटीजवळचं बटण, फुंकरीने चालणारा स्विच, काहीही जोडा.

हा जॅक आपल्या जुन्या हेडफोनचाच. साधा स्विच म्हणजे दाबल्यावर एकमेकींना टेकणाऱ्या दोन तारा. दारावरच्या बेलचं बटण तशा पिनेला सोल्डर केलं तरी चालतं. पालघरचा कुठलाही इलेक्ट्रिशियन हे करील.

अवघड भाग वेगळाच आहे. कोणती हालचाल तिला मनात येईल तेव्हा, न थकता, पुन्हापुन्हा करता येते? हे तिच्याजवळ बसून पाहावं लागतं. मग बटण तिथेच, न सरकेल असं बसवायचं. हात आपोआप थरथरत असेल, तर क्षणभर दाबून धरल्यावरच आज्ञा जाईल अशी सोय करायची.

कुणी विचारील, पोटापाण्याचे प्रश्न असताना खेळ कशाला? आपण असं पाहू. जेवण, आंघोळ, प्रवास, सगळीकडे तिच्या वतीने दुसरं कुणीतरी ठरवतं. खेळात डाव तिचा, चूक तिची, हारही तिचीच. आणि हरल्यावर ‘पुन्हा खेळू’ म्हणणारीही तीच.