थर्मामीटर, हात आणि विटाळ

रोगनिदानाचा इतिहास पाठ्यपुस्तकांतून उपकरणांच्या यादीसारखा शिकवला जातो. स्टेथोस्कोप कोणी शोधला, क्षयाचे जंतू कोणी पाहिले, क्ष-किरण कोणत्या साली सापडले. जळकोटला विज्ञान शिकवताना ही यादी मलाही फळ्यावर लिहावी लागते. परंतु ते उपकरण रोग्याच्या अंगाला कोणाच्या हाताने लागते, हा प्रश्न यादीत कुठेच नसतो. आपल्या समाजात मुळात तोच प्रश्न पहिला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात त्यांचे स्वतःचे अनुभव आहेत, तसे इतरांचेही आहेत. १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त आलेले काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र बाबासाहेबांनी घेतले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांनी आजारी पडली. श्वास घेणे अवघड झाले, बरगड्या दुखू लागल्या. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठ आणि दरबार यांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला. तोही बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. ओली बाळंतीण तान्ह्या मुलासह बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने शिक्षकाला, शिक्षकाने पत्नीला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. त्यानंतर तो पुन्हा आला नाही आणि ती बाई दगावली. पत्रात कोणाचेच नाव नाही. सूड उगवला जाईल या भीतीने शिक्षकानेच तशी विनंती केली होती.

डॉक्टरच्या निर्दयपणाविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. मला येथे त्याच्या निदानाविषयी बोलायचे आहे.

थर्मामीटर न्यूमोनिया सांगू शकत नाही. तो फक्त ताप किती ते सांगतो. लाइपझिगच्या वुंडरलिख या डॉक्टरने सुमारे पंचवीस हजार रोग्यांच्या तापाच्या नोंदी अभ्यासून १८६८ साली ग्रंथ लिहिला. ताप हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे, आणि एका आकड्यापेक्षा दिवसागणिक तो कसा चढतो-उतरतो हे महत्त्वाचे, हा त्याच्या सांगण्याचा गाभा होता. काठेवाडात पारा एकदाच पाहिला गेला. शिवाय बाळंतपणानंतर दोन दिवसांनी आलेला ताप सूतिकाज्वराचाही असू शकतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने १८४७ साली दाखवून दिले होते की, शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर आपल्याच हातांनी तो बायकांना देत होते. छातीचा की गर्भाशयाचा, हे ठरवायला बाईला तपासावे लागते.

तपासायचे कसे, हेही १९२९ साली सर्वज्ञात होते. आउएनब्रुगर याने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे बायाबापड्या बाजारात माठ टिचकी मारून घेतात, तशीच ही रीत. निरोगी फुप्फुस पोकळ वाजते, न्यूमोनियाने घट्ट झालेले बद्द. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकला एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी करून ती छातीवर टेकवली आणि ठोके अधिक स्पष्ट ऐकू आले. हा स्टेथोस्कोपचा जन्म. येथेही अंतर आहेच. पण त्या अंतरातून लेनेकला जास्त ऐकू आले. काठेवाडातील अंतरातून काहीच ऐकू आले नाही.

ती बाई तपासली असती तर वाचलीच असती, असे मी म्हणणार नाही. जंतूंवरची सल्फा औषधे १९३५ नंतर आली, पेनिसिलिन १९४० नंतर. डॉक्टरच्या औषधाबरोबर शिक्षकाने बाजारातून जवस आणून वापरले, त्या काळी ते रीतीला धरूनच होते. पण उपचार नव्हते म्हणून तपासणी टाळली गेली नाही.

आता प्रयोगशाळेकडे वळू. तेथे जात नसते, असे पुष्कळांना वाटते, आणि काचेखाली ते खरेही आहे. १८८४ साली बर्लिनमध्ये ग्रामने जंतू रंगवण्याची रीत शोधली, ती न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसांवरच. जांभळा डाग कोणाच्या फुप्फुसातला, हे सूक्ष्मदर्शकाला कळत नाही. पण काचपट्टीवर ते फुप्फुस, तो कफ, ते रक्त आधी यावे लागते. जळकोट तेव्हा ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्यातल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. ते डास पोसले होते हुसेन खान नावाच्या रोग्याच्या रक्तावर, चावलेल्या डासामागे एक आणा देऊन. नोबेल रॉसला १९०२ मध्ये मिळाले. हुसेन खानाशिवाय काचेखाली पाहायला काही नव्हते.

हिवताप निर्मूलनाच्या मोहिमेत, १९५८ नंतर, कर्मचाऱ्याने दर पंधरवड्याला घरोघर जायचे, ताप असलेल्याचे बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि भिंतीवर भेटीची तारीख टाकायची, अशी पद्धत होती. योजना उत्तम. मात्र कर्मचारी एखाद्या वस्तीच्या तोंडाशीच थांबला, तर तेथून काचपट्ट्या जात नाहीत, आणि कागदावर ती वस्ती गावातली सर्वांत निरोगी वस्ती ठरते. अस्पृश्यता अशी आकडेवारीतही उतरते. कार्यकर्त्यांनी आरोग्याचे आकडे वाचताना किती रोगी सापडले याबरोबरच किती जणांचे रक्त घेतले, हेही विचारले पाहिजे.

आज रक्तातल्या पेशी यंत्र मोजते. एका डॉक्टरकडे शेजारच्या मजूर बाईला मी घेऊन गेलो होतो. पोट दुखते म्हणून ती आली होती. त्यांनी रिपोर्ट मागितला, वाचला, औषध लिहिले. पोटाला हात लावला नाही. घाई म्हणावी की जुनी सवय? मला ठरवता आले नाही. दोन्ही अंतरे बाहेरून सारखीच दिसतात.

दुसरीकडे सुई आता आपल्या मुलांच्या हाती आली आहे. वस्त्यांतली मुले-मुली लॅब टेक्निशियनचा कोर्स करून तालुक्याच्या गावी कामाला लागली आहेत. शीर शोधायची तर दंड बांधून, बोटांनी चाचपून पाहावेच लागते, मग दंड पाटलाचा असो की देशमुखाचा. माझा एक विद्यार्थी सांगतो, बहुतेक लोक काही बोलत नाहीत. काही जण हात पुढे करण्याआधी आडनाव विचारतात. तो फक्त स्वतःचे नाव सांगतो आणि मूठ आवळायला सांगतो.