रानातल्या शिबिराआधीचे पंधरा दिवस

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक प्रसंग दरवर्षी घडतो. तेरा-चौदा वर्षांचं मूल, सोबत आई किंवा बाबा आणि हातात निसर्ग शिबिराचा छापील फॉर्म. ‘डॉक्टर, फिटनेसचं सर्टिफिकेट हवंय. परवा निघायचंय, फक्त सही करा.’ छातीला स्टेथोस्कोप लागतो, वजन होतं, शिक्का बसतो. बाहेर पडता पडता खरेदीची चर्चा सुरू होते. टॉर्च घेतली, स्लीपिंग बॅग घेतली, चाकू तेवढा राहिला.

शिबिर उत्तमच. दोराच्या गाठी मारणं, तीन दगडांची चूल पेटवणं, होकायंत्रावरून दिशा काढणं, झऱ्याचं पाणी गाळून उकळून पिणं, हे सगळं वर्गात बसून येत नाही. मोबाइलपासून आठ दिवस सुटका होते ती वेगळीच. अडचण आहे ती त्या ‘परवा’ शब्दात.

मार्च-एप्रिलमध्ये शहरातलं मूल काय करतं? परीक्षा देतं. दिवसभर पंख्याखाली, कित्येक घरांत एसीत. खेळ बंद, सायकल बंद. पेपर संपले की चार दिवसांत तेच मूल पाठीवर सॅक घेऊन मे महिन्याच्या उन्हात सह्याद्रीचा चढ चढायला लागतं. त्याची फुप्फुसं, हृदय धडधाकट असतात, सर्टिफिकेट खोटं नसतं. पण उन्हाची सवय स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही.

ही सवय म्हणजे मनाची तयारी नव्हे, शरीरात होणारा खराखुरा बदल आहे. रोज थोडा वेळ उकाड्यात अंगमेहनत केली, तर साधारण १० ते १४ दिवसांत तो घडतो. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे स्नायूंनाही रक्त पुरतं आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या त्वचेलाही. घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, त्यातून मीठ मात्र कमी जातं. पहिल्या दिवशी ज्या चढाला छाती धडधडत होती, तोच चढ पुढे हृदय कमी ठोक्यांत निभावतं. दोन-तीन आठवडे पुन्हा एसीत काढले की ही कमाई ओसरते. दिवाळीतल्या ट्रेकचा उपयोग मे महिन्यात होत नाही तो यामुळेच.

त्यामुळे तयारी निदान दोन आठवडे आधी सुरू करावी. पहिले दोन-तीन दिवस सकाळी किंवा उतरत्या उन्हात वीस-पंचवीस मिनिटं झपझप चालणं पुरे. मग रोज थोडी वाढ करत शेवटी तास-सव्वा तासापर्यंत जायचं, तेही शिबिरातलेच बूट घालून आणि सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. नवे बूट पहिल्यांदा शिबिरातच घातले तर दुसऱ्या दिवशी फोड हमखास. रात्री एसीची सवय असेल तर तीही याच दिवसांत कमी करावी. भर दुपारी बाराला मुलाला गच्चीवर पळवणं म्हणजे तयारी नव्हे. मधेच ताप किंवा जुलाब झाले, तर सराव थांबवावा. आजारातून नुकतं उठलेलं मूल उन्हाला लवकर बळी पडतं, मग शिबिराचे पैसे भरलेले असोत वा नसोत.

शिबिर कुठे आहे, यावरही बरंच ठरतं. विदर्भातला ४४ अंशांचा पारा ऐकून पालक घाबरतात आणि कोकणातला ३५ चा ऐकून निश्चिंत होतात. पण अंग थंड होतं ते घाम वाळल्याने, नुसता येऊन नव्हे. कोकणातल्या दमट हवेत तो निथळत राहतो आणि शरीर आतून तापत जातं. घाटातल्या बसप्रवासात उलटी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते, शिवाय घामही कमी होऊ शकतो. अशी गोळी घेतलेल्या मुलाला बसमधून उतरल्या उतरल्या चढावर नेऊ नये.

पाण्याबद्दल सगळे सांगतात, तरी एक गोष्ट सांगायची राहून जाते. शाळेतली स्वच्छतागृहं टाळायची म्हणून अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. ही सवय त्या शिबिरातही घेऊन जातात, कारण तिथे तर आडोसाच शोधायचा असतो. आईने हा विषय घरीच मोकळेपणाने काढावा. कुठे जायचं, सोबत कुणाला न्यायचं, ताईंना कसं सांगायचं, हे आधी ठरलेलं असलं की मुलगी पाणी पिते. या वयात पहिली पाळी शिबिरातच येऊ शकते, म्हणून पाळी सुरू झालेली नसली तरी सॅकमध्ये पॅड द्यावेत आणि ते कसे वापरायचे हेही दाखवावं. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय, ही खूण मुलामुलींना दोघांनाही सांगावी. ओआरएसची पुडी ठरलेल्या मापाच्याच पाण्यात, बहुतेक वेळा एक लिटरमध्ये, विरघळवायची असते. अर्ध्या बाटलीत ती ‘स्ट्राँग’ करून पिणं घातक. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसचं काम करत नाहीत.

मुलग्यांचं दुखणं वेगळं आहे. ते सांगत नाहीत. डोकं ठणकतंय, मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत, तरी मागे पडलो तर चिडवतील म्हणून चालत राहतात. ‘दादा, मला गरगरतंय, मी बसतो’ हे वाक्य घरी मोठ्याने म्हणवून घ्यावं. हसू येईल, येऊ द्यावं. आणि मित्राकडे लक्ष ठेवायलाही शिकवावं. बरोबरचा मुलगा असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात असू शकतो. यात शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं आणि मेंदूवर परिणाम झालेला असतो. उष्माघातात घाम आटतो असं पुष्कळांना वाटतं. श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने ओलंही असू शकतं. अशा वेळी आधी सावली, जाडे कपडे काढणं, मिळेल तेवढं पाणी अंगावर ओतून वारा घालणं, आणि हे चालू असतानाच १०८ ला फोन. गाडीची वाट पाहत नुसतं बसायचं नाही. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही आणि गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आता पुन्हा त्या फॉर्मकडे. ‘काही आजार आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिणारे पालक वाईट नसतात. दमा किंवा फिट लिहिली तर मुलाला नाकारतील, ही त्यांची भीती असते. पण दम्याच्या मुलाला चुलीच्या धुराने रात्री धाप लागली, तर दादा-ताईंना कारण कळायला हवं. इन्हेलर मुलाच्या स्वतःच्या खिशात हवा, तंबूतल्या औषधांच्या पेटीत नको. फिट येणाऱ्या मुलाची गोळी चुकली, जागरण झालं की धोका वाढतो. पोहताना, दोरावरून उतरताना त्याच्यावर एका माणसाची नजर लागते. हे माहीत असूनही जे शिबिर मुलाला नीट सांभाळू शकत नाही, तिथे ‘नाही’ लिहून त्याला पाठवण्यात काय हशील?

साप-विंचवाची भीती सगळ्यांना असते, प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आयोजकांना सरळ विचारावं: सापाच्या विषावरची लस असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, किती अंतरावर, आणि रात्री दोन वाजता गाडी कोण चालवणार? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, पण ती रुग्णालयातच द्यावी लागते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते. वेदना जवळपास नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या उचलत नाहीत अशी तक्रार आली, तर ‘रात्रीचं जेवण बाधलं’ म्हणून सोडून देऊ नये. साप चावलेला पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर ठेवायचा. रक्त अडवायला आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काही करायचं नाही. शिबिरात शिकलेली गाठ करकचून मारायची हौस नेमकी इथे आवरायला हवी.

कोकणातल्या लाल विंचवाचा दंश मुलांच्या हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली, की दंशाची जागा दुखते की नाही हे न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावं. बूट झटकून घालणं, तंबूची चेन बंद ठेवणं आणि रात्री टॉर्चशिवाय पाऊल न टाकणं, या तीन सवयी घरीच लागल्या पाहिजेत.

मूल परतलं की आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागे गोचीड आहे का पाहावं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आणि गोव्यातल्या सत्तरीत गोचिडीतून पसरणारा माकडताप उन्हाळ्यातही आढळतो. शिबिराहून आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, तर ‘उन्हाचा असेल’ म्हणून घरीच थांबू नये, आणि ओपीडीत केसपेपर काढताना शिबिर कुठल्या गावी होतं, तेही लिहून घ्यायला सांगावं.