लग्नगडी ते हप्ता

यंदाच्या लग्नसराईत डहाणू तालुक्यातल्या कोसबाडजवळच्या एका वारली पाड्यावर लग्नाची गाणी गाऊन लग्न लावणारी धवलेरी मांडवात बसून होती, पण तिला गायला वेळच मिळाला नाही. डीजे तासावर ठरला होता. नवऱ्या मुलाचा बाप मला म्हणाला, "बाई, डीजे नसता तर लोकांनी नावं ठेवली असती." डीजे, मंडप, मोटरसायकल, सगळं कर्जाचं.

लग्न आणि कर्ज हे इथलं जुनं दुखणं. जमीनदार-सावकारांविरुद्धच्या 1945च्या वारली उठावाआधी लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतलेला माणूस 'लग्नगडी' व्हायचा आणि बायकोसकट राबून ते फेडत राहायचा. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ती गुलामी लिहून ठेवली आहे. 1957ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालशिक्षणाचं काम घेऊन बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर आल्या, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

मला बोलायचंय ते 1990नंतरच्या दहा वर्षांबद्दल. 1991मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, कारखान्यांवर बंधनं आली. पोरं वापी, उंबरगाव, बोईसरला कामाला जाऊ लागली. पगार हातात पडला की आधी टेपरेकॉर्डर, मग रंगीत टीव्ही. एका घरी कुडाच्या भिंतीवर लग्नात काढलेल्या तांदळाच्या पिठाच्या चौकाखाली टीव्ही मांडला होता. त्याचं पुठ्ठ्याचं खोकं महिनोन्महिने ओटीवर होतं, आल्यागेल्याला दिसेल असं.

त्याच काळात मी फ्लोबेरची 'मादाम बोवारी' वाचली. 1857ची कादंबरी, पण तिच्यातला कापडवाला लरो मला ओळखीचा वाटला. तो आधी माल दाखवतो, पैशांची घाई करत नाही, मग हुंड्यांवर सह्या घेतो आणि शेवटी घरावर जप्ती आणतो. मोपासाँच्या 1884च्या कथेतली मातिल्द एका रात्रीच्या मानासाठी मैत्रिणीचा हार मागून आणते, तो हरवते आणि भरपाईच्या कर्जासाठी दहा वर्षं धुणीभांडी करते. हार खोटा होता, हे तिला नंतर कळतं.

डहाणूतली शिकलेली मंडळी तेव्हा म्हणायची, "यांच्या हातात पैसा टिकत नाही." स्वतःच्या मुलीच्या लग्नात सोन्याचं प्रदर्शन मांडणारी तीच माणसं. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. पूर्वी पाड्यावर मान तारपा वाजवणाऱ्याला होता, भगताला होता, धवलेरीला होता. तो कुणाला विकत घ्यावा लागत नव्हता. बाजाराने तो दुकानात नेऊन ठेवला. तिथे तो मागायला गेलेल्या वारल्याला उधळ्या म्हणायचं आणि विकणाऱ्याला काहीच बोलायचं नाही, हा कुठला न्याय?

आता सावकाराच्या ओटीवर जावं लागत नाही. फोनवर आलेले आकडे सांगितले की कर्ज मिळतं, करार इंग्रजीत. हप्ते थकले की गाडी उचलून नेतात, भरलेले पैसे बुडतात. निदान तो करार मराठीत असावा, सही करण्याआधी दोन साक्षीदारांसमोर वाचून दाखवावा, एवढीही मागणी आमच्या एका ग्रामसभेत मी ऐकलेली नाही.