डाएटला पंधरा दिवसांची सुट्टी

वजन उतरवताना तीन-चार महिन्यांनी काटा हलेनासा होतो, भूक मात्र वाढत जाते. तेव्हा बहुतेक जण जेवण आणखी कमी करतात. मला वाटतं, तिथे थोडं थांबावं.

ऑस्ट्रेलियात टास्मानिया विद्यापीठातल्या नुआला बर्न यांच्या गटाचा 'मॅटाडोर' नावाचा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. स्थूल पुरुषांचे दोन गट. एकाने सलग १६ आठवडे गरजेपेक्षा एक तृतीयांश कमी खाल्लं. दुसऱ्याने तेवढेच १६ आठवडे, पण दोन आठवडे डाएट, दोन आठवडे सुट्टी असे, म्हणजे एकूण ३० आठवड्यांत. पहिल्यांचं वजन सरासरी ९ किलो उतरलं, दुसऱ्यांचं १४! पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

सुट्टी म्हणजे मनसोक्त चरणं नव्हे बरं का. वजन आहे तिथेच राहील इतकं खायचं: एखादी भाकरी जास्त, वाटीभर भात. पहिल्या आठवड्यात काटा किलोभर वर जाईल. घाबरू नका, ते बहुतांशी पाणी असतं. स्नायूंत ग्लायकोजेन (शरीराची राखीव साखर) साठताना सोबत पाणीही साठतं. मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.