एक्स्टेन्शनचं टेन्शन

रविवारची रात्र, साडेनऊ. सोमवारी सकाळी दहाला स्टोरी द्यायची होती, पावसाच्या आकडेवारीवरची. नवाकोरा लॅपटॉप, शेजारी कॉफीचा मग, एकदम प्रोफेशनल वगैरे फीलिंग! फाइल उघडली आणि... ठणठणाट. कोड होता, पण तो चालवायचं वरच्या कोपऱ्यातलं त्रिकोणी बटणच गायब. सीएसव्ही फाइलमधल्या रकान्यांचे रंगही उडालेले.

मास कॉमला मला कुणी पायथन शिकवलं नव्हतं. ते मी लॉकडाऊनमध्ये धडपडत शिकले. त्यामुळे असं काही झालं की माझा एकच उपाय असतो, रूममेटला हाक मारायची. ती हिंजवडीतली टेकी. तिने स्क्रीनकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘प्रोजेक्टचं फोल्डर पेनड्राइव्हवरून आणलंस. एक्स्टेन्शन्स कुठे आणलीस?’’

तर मंडळी, कोड लिहायचा एडिटर म्हणजे भाड्याचा फ्लॅट. गॅस, मिक्सर आपापला आणायचा. ही एक्स्टेन्शन्स प्रोजेक्टमध्ये नसतात, वेगळ्याच फोल्डरमध्ये असतात. त्यात मी जरा शहाणपणाही केला होता. जुन्या लॅपटॉपवर व्हीएस कोड होता, नव्यावर त्याचाच चुलतभाऊ व्हीएसकोडियम टाकला. मायक्रोसॉफ्टच्या दुकानाचा नियम असा, की तिथला माल त्यांच्याच एडिटर्ससाठी. त्यामुळे चुलतभावंडांची खरेदी होते ‘ओपन व्हीएसएक्स’मध्ये. ते एक्लिप्स फाउंडेशन चालवतं. तिथे बरंच काही मिळतं, पण सगळं नाही. माझं लाडकं पायलान्स तिथे नव्हतंच.

‘‘राहू दे, त्याच्यावाचून काही अडत नाही,’’ इति रूममेट. मी बाकीची शोधायला लागले. सारख्या नावांची ही लांबलचक यादी! पहिल्यावर क्लिक करणार, इतक्यात तिने माझा हात धरला.

‘‘नावाखाली पब्लिशर बघितलास?’’

मग तिने सांगितलेली गोष्ट ऐकून माझी कॉफी गार झाली. जून २०२५. रशियातला एक ब्लॉकचेन डेव्हलपर. कॉम्प्युटर नुकताच नव्याने सेटअप केलेला, म्हणजे अगदी माझ्यासारखाच. कर्सर या एडिटरमध्ये त्याने सॉलिडिटी भाषेचं एक्स्टेन्शन शोधलं. नकली एक्स्टेन्शन यादीत खऱ्याच्या वर दिसत होतं आणि त्यावर ५४,००० डाउनलोड्स. त्याने ते टाकलं. कोडला रंग आलेच नाहीत. काहीतरी बग असेल, नंतर बघू म्हणून तो कामाला लागला. आणि सुमारे ५ लाख डॉलर्सची क्रिप्टो उडाली, म्हणजे चार कोटी रुपयांच्या वर! कॅस्परस्कीने हे प्रकरण शोधून काढलं. ते नकली एक्स्टेन्शन काढून टाकल्यावर भामट्यांनी दुसरं आणलं. त्यात पब्लिशरच्या नावातल्या इंग्रजी छोट्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’. दिसायला सेम टु सेम.

मोबाइलवरचं अ‍ॅप निदान ‘कॅमेरा वापरू का’ असं विचारतं तरी. एक्स्टेन्शन तसं काही विचारत बसत नाही. एडिटरला जे जे करता येतं ते सगळं त्यालाही करता येतं, फाइल्स वाचण्यापासून दुसरा प्रोग्रॅम चालवण्यापर्यंत. माझ्याकडे क्रिप्टो नाही हो! पण नावं न छापण्याच्या अटीवर बोललेल्या लोकांच्या मुलाखती आहेत त्याच लॅपटॉपवर.

मग खरी यादी आणायची कुठून? बिजागरी मोडलेला जुना लॅपटॉप साताऱ्याला, आईकडे. एरवी टर्मिनलमध्ये ‘कोड’ लिहून स्पेस, मग दोन डॅश आणि ‘लिस्ट-एक्स्टेन्शन्स’ टाइप केलं की झालं. पण रात्री साडेदहाला आईला टर्मिनल कोण समजावणार? ‘‘डावीकडच्या पट्टीत चार चौकोनांचं चित्र आहे बघ, ते दाब.’’ आई निवृत्त शिक्षिका. तिने चष्मा लावला आणि प्रत्येक नाव, त्याखालचा पब्लिशर, ‘एम फॉर मुंबई’ करत स्पेलिंगसकट वाचून दाखवला. मी जुळवत गेले. पायथन, ज्युपिटर, रकाने रंगवणारं रेनबो सीएसव्ही. बाकी आठ-दहा तर मी कधी वापरलीच नव्हती. ती सोडून दिली.

त्रिकोणी बटण परत आलं! रूममेटने झोपायला जाताजाता मला अजून एक करायला लावलं. प्रोजेक्टमधल्या ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमध्ये ‘एक्स्टेन्शन्स डॉट जेसन’ नावाची फाइल बनवली आणि तिन्हींचे आयडी त्यात लिहिले. आता दुसऱ्या मशीनवर हे फोल्डर उघडलं की एडिटर स्वतःच विचारेल, ही टाकू का?

स्टोरी रात्री पावणेदोनला गेली. सकाळी आईचा फोन.

‘‘अगं, तो लॅपटॉप रात्रीपासून चालूच आहे. बंद कुठून करायचा?’’